माणूस मेला केव्हा?

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या दारावर थाप पडली. दारात सोलापूरच्या पूर्व भागातील एक यंत्रमाग कामगार उभे होते. त्यांची थोरली मुलगी माझी विद्यार्थिनी. त्या ओळखीवर ते अपरात्री आले होते. त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा तीन दिवसांपूर्वी मोटरसायकलवरून पडला होता आणि शहरातील एका खासगी रुग्णालयात कृत्रिम श्वासयंत्रावर होता. "सर, डॉक्टर पोरगं गेलं म्हणायलेत. पण छाती हलायलीय की. अंग गरम हाय. तुम्ही शिकल्यालं माणूस, जरा येऊन बघा." मी अर्थशास्त्र शिकवले. मेंदूविषयी माझे ज्ञान वाचनापुरते. परंतु आपल्याकडे शिकलेला माणूस म्हणजे सर्वज्ञ अशी भाबडी समजूत आहे आणि संकटात सापडलेल्या माणसाला ती समजूत काढून टाका असे सांगण्याची ती वेळ नव्हती. मी गेलो.

त्या रात्री आणि पुढील दोन दिवसांत जे पाहिले त्याने मला माझ्याच काही जुन्या मतांकडे पुन्हा पाहावयास लावले. आपल्या साथींपुढे ते मांडले पाहिजे असे वाटते, कारण ही मते माझ्या एकट्याची नव्हेत. बुद्धिवादी म्हणवणारे आपण सारेच ती थोड्याफार फरकाने बाळगून असतो.

प्रथम वैद्यकीय वस्तुस्थिती. त्या मुलाच्या मस्तिष्क-स्तंभाचे, म्हणजे मेंदूचा जो देठासारखा भाग पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला जोडलेला असतो त्याचे, कार्य कायमचे थांबले होते. श्वासोच्छ्वास चालविणारी केंद्रे तेथे असतात आणि माणसाला जागे ठेवणारी यंत्रणाही तेथूनच वर मेंदूच्या बाह्य आवरणापर्यंत जाते. मोरुझ्झी आणि मॅगून या दोन शास्त्रज्ञांनी १९४९ साली हे दाखवून दिले, तेव्हापासून जागेपणाचा दिवा कोठून पेटतो याविषयी फारसा वाद राहिलेला नाही. हा भाग मेला की श्वास थांबतो. हृदयाला मात्र ठोके देणारी स्वतःची गाठ असते. यंत्राने फुफ्फुसात हवा भरत राहिले तर रक्ताला प्राणवायू मिळतो आणि हृदय काही तास, काही दिवस चालत राहते. छाती हलते ती यंत्रामुळे, अंग गरम असते ते रक्त फिरत असल्यामुळे. डॉक्टरांनी बाहुल्यांवर प्रकाश टाकून पाहिला होता, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावून पाहिला होता, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का ते पाहिले होते, घशात नळी घालून खोकला येतो का ते पाहिले होते, आणि शेवटी यंत्र काढून, प्राणवायू देत, रक्तातील कर्बवायू वाढूनही शरीर आपण होऊन एक तरी श्वास घेते का याची वाट पाहिली होती. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांनी, किमान सहा तासांच्या अंतराने, हे दोनदा पाहिले. त्यात कसूर झाली असे मला म्हणता येणार नाही.

मी बापाला हे समजावून सांगितले. जितक्या सोप्या शब्दांत सांगता येईल तितक्या. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि मुलाच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "मग ह्ये काय हाय?"

आपल्यापैकी अनेकांना या ठिकाणी अज्ञान आणि अंधश्रद्धा दिसेल. मलाही पूर्वी दिसली असती. परंतु त्या हातामागे दोन हजार वर्षांची परंपरा आहे हे विसरू नये. आपल्या प्राचीन वैद्यकाने चेतनेचे स्थान हृदयात मानले. आपली भाषाही तेच मानते. माणूस काळजाने हळवा असतो, मेंदूने नव्हे. मरणासन्न माणसात 'धुगधुगी' असते ती छातीत. मराठीत शुद्ध हरपते, भान हरपते, जाणीव बोथट होते आणि प्राण जातो, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. शुद्ध हरपलेला माणूस शुद्धीवर येतो, भान हरपलेला भजनातही असू शकतो, पण प्राण गेलेला परत येत नाही. डॉक्टरांचा शब्द त्या बापाच्या भाषेत बसत नव्हता, कारण त्यांच्या भाषेप्रमाणे मुलाची शुद्ध गेली होती आणि प्राण मात्र समोर, हाताखाली, धडधडत होता.

जडवादाची बाजू घेणाऱ्यांनीही आपल्या परंपरेत हा प्रश्न उडवून लावलेला नाही. लोकायतिकांनी सांगितले की ज्याप्रमाणे किण्वाच्या योगाने साध्या धान्यात मादकता उत्पन्न होते त्याप्रमाणे चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. संयोग मोडला की चैतन्यही गेले. स. रा. गाडगीळ यांनी 'लोकायत' या ग्रंथातून हा विचार मराठी वाचकांसमोर समर्थपणे मांडला. आजच्या मेंदूविज्ञानाचा सारा कल याच बाजूला आहे, आणि प्रस्तुत लेखकही निःशंकपणे त्याच बाजूचा आहे. देहावाचून जाणीव आहे असे दाखविणारा विश्वासार्ह पुरावा आजवर पुढे आलेला नाही. परंतु या दृष्टांतातच एक अट दडलेली आहे. किण्व तेच, धान्य तेच, तरी मद्य होणे हे मांडणीवर अवलंबून असते. मेंदूतील सुमारे ८६ अब्ज पेशींपैकी बहुसंख्य पेशी लहान मेंदूत असतात. आणि तरीही लहान मेंदूला मोठी इजा झाली तर माणसाचा तोल जातो, बोलणे अडखळते, पण जाणीव शाबूत राहते. संख्येने जाणीव होत नाही. पेशी परस्परांशी कशा बांधलेल्या आहेत यावर ती अवलंबून असते. ती नेमकी कशी, आणि त्या बांधणीतून 'मला दुखते आहे' हा अनुभव का उमटतो, याचे सर्वमान्य उत्तर विज्ञानाजवळ आज नाही. जाणीव मेंदूत आहे एवढे ठामपणे म्हणता येते; एखाद्या विशिष्ट मेंदूत ती या क्षणी आहे की नाही, हे बाहेरून ठामपणे सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोन विधानांतील अंतर आपण लक्षात घेत नाही आणि त्या अंतरातच सारा घोटाळा होतो.

तो घोटाळा मी स्वतः केला आहे. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानभाग प्रकरणी निकाल दिला, तेव्हा आमच्या सोलापूरच्या अभ्यासवर्गात त्यावर चर्चा झाली. मी तेव्हा नोकरीत होतो आणि बोलण्याचा आत्मविश्वास आजच्यापेक्षा अधिक होता. प्रकरण वाचकांना ठाऊक आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही पंचवीस वर्षांची परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच काम करणाऱ्या एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा कधीही बोलली नाही. गुन्हेगाराला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न याबद्दल, सात वर्षांची. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने न्यायालयात अर्ज केला की तिला सक्तीने जगविणे थांबवावे. न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने सांगितले की दीर्घकालीन अबोध अवस्थेचे बहुतेक निकष तिच्या बाबतीत पुरे होतात, पण तिचा मेंदू मृत नाही. ती आपण होऊन श्वास घेत होती, तोंडात घातलेले अन्न गिळत होती, तिची झोप-जागेपणाची चक्रे चालू होती.

मी त्या बैठकीत असे प्रतिपादन केले की ज्या माणसाची जाणीव गेली तो माणूस उरलेला नाही. उरते ते शरीर. आणि अर्थशास्त्राचा प्राध्यापक असल्यामुळे पुढे असेही म्हणालो की, सार्वजनिक रुग्णालयातील एक खाट अडतीस वर्षे अडकून राहते तेव्हा त्या खाटेवर बरे होऊ शकले असते अशा शेकडो गरिबांचा हिशेब कोणी मांडावयाचा? टाळ्या पडल्या नाहीत, पण माना डोलल्या. तेव्हा मागे बसलेल्या एका निवृत्त परिचारिकेने विचारले, "सर, तुम्ही कधी एखाद्या रुग्णाची कूस बदलली आहे का?" मी नाही म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. तो प्रश्न मला व्यासपीठावरील युक्तिवादाला बगल देणारा वाटला होता.

आज तसे वाटत नाही. केईएमच्या परिचारिकांनी न्यायालयात त्या अर्जाला विरोध केला. चार दशके, परिचारिकांच्या पिढ्यामागून पिढ्यांनी, पाळ्या लावून त्या बाईची कूस बदलली, तिला भरविले, धुतले. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. ज्यांना रुग्णसेवा ठाऊक आहे त्यांना हे काय काम आहे ते कळेल. ऐंशीच्या दशकात पालिकेने खाट रिकामी करण्यासाठी तिला अन्यत्र हलविण्याचे प्रयत्न केले तेव्हा परिचारिकांनीच ते हाणून पाडले. या परिचारिकांचे म्हणणे होते की ती प्रतिसाद देते, काही गोष्टी तिला आवडतात, काही नकोशा होतात. डॉक्टरांना ते पुराव्यात बसविणे कठीण होते. मी त्याला ममतेची भ्रांती म्हटले होते. एका समाजवाद्याने, श्रमातून ज्ञान निर्माण होते असे वर्गात शिकविणाऱ्या माणसाने, रोज बारा-बारा तास एका देहाशी श्रम करणाऱ्या स्त्रियांच्या ज्ञानाला भ्रांती म्हणावे आणि काही तासांच्या तपासणीला ज्ञान म्हणावे, यातील विसंगती मला तेव्हा टोचली नाही.

न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. रुग्णालयाचे कर्मचारी हेच तिचे खरे आप्त होत, असे मानले. त्याच निकालात उपचार थांबविण्याचा मार्ग, उच्च न्यायालयाच्या संमतीच्या अटीवर, प्रथमच खुला केला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेली.

तिला अखेरपर्यंत काही कळत होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणावयास आधार नाही; मेंदूची हानी मोठी होती. मी म्हणतो ते एवढेच की, 'काहीच कळत नव्हते' असे ज्या खात्रीने मी म्हणालो त्या खात्रीलाही आधार नव्हता. २००६ साली एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंब्रिज येथे अशाच अबोध अवस्थेतील एका तरुणीचा मेंदू चुंबकीय प्रतिमायंत्रात तपासला. तिला सांगण्यात आले की आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर. बोटही न हलविणाऱ्या त्या मुलीच्या मेंदूतील हालचालींचे नियोजन करणारा भाग निरोगी माणसाप्रमाणे उजळला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अनेक देशांतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्याही आज्ञेला शरीराने प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा ऐकल्याची चिन्हे दाखविली. चारातील एक. आमच्या बैठकीच्या वेळी २००६ चा निष्कर्ष प्रसिद्ध होऊन पाच वर्षे झाली होती. तो मी वाचलेला नव्हता, ही माझी चूक.

परंतु ही चूक सुधारताना दुसरी होऊ नये. अरुणा आणि आमच्या पूर्व भागातील तो मुलगा यांची स्थिती एक नव्हती. वृत्तपत्रे दोन्हीला 'कोमा' म्हणून मोकळी होतात, आणि मग कोणीतरी वीस वर्षांनी कोमातून उठल्याची बातमी वाचलेला बाप मस्तिष्क-स्तंभ मेलेल्या मुलाच्या उशाशी आशा धरून बसतो. अबोध अवस्थेतील रुग्ण जिवंत असतो, यंत्रावाचून श्वास घेतो, आणि त्याच्या जाणिवेविषयी आपण सावध बोलले पाहिजे. मस्तिष्क-स्तंभ मेलेला माणूस परत येत नाही. त्याचे हृदय चालू आहे हे यंत्राचे कर्तृत्व आहे. अवयवदानाच्या प्रचाराला जाणाऱ्या आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी हा भेद पक्का केल्याशिवाय घराबाहेर पडू नये, अशी माझी त्यांना विनंती आहे. लोकांचा अविश्वास निम्मा तरी या गोंधळातून येतो.

उरलेला निम्मा अविश्वास मात्र गोंधळातून येत नाही, अनुभवातून येतो. त्या रात्री एका समुपदेशक बाईंनी, अतिशय सौम्यपणे, अवयवदानाविषयी विचारले. कायद्याने त्यांनी विचारणे आवश्यकच आहे. बाप बाहेर आला तर काउंटरवरच्या माणसाने त्यांना थांबवून बिलाची बाकी सांगितली. दोन माणसे, दोन कामे, परस्परांशी संबंध नाही. पण ऐकणारा कान एकच. "द्यायचं का सर, म्हंजे बिल कमी करतील का?" असे त्यांनी मला विचारले तेव्हा मी मान खाली घातली. अवयवांच्या मोबदल्यात पैसा हा कायद्याने गुन्हा आहे आणि तसा प्रस्ताव कोणीही ठेवला नव्हता. परंतु जेथे जगविण्याला दर आहे तेथे मरणाला दर नाही हे गरिबाने कशावरून मानावे?

त्यांनी नकार दिला. मी त्यांना गळ घातली नाही. मग त्यांनी साधी गोष्ट मागितली. पोरगं गेलं म्हणता, मग यंत्र काढा आणि आमच्या हवाली करा. तेव्हा जे उत्तर मिळाले ते ऐकून मीच गोंधळलो. अवयवदान होणार असेल तर मुलगा मृत, नसेल तर हृदय थांबेपर्यंत यंत्र काढता येणार नाही. कायदा स्पष्ट नाही.

घरी येऊन कायदा काढून पाहिला. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानतो, पण त्या कायद्याच्या प्रयोजनापुरता. हा कायदा ज्या राज्यांत आरंभीच, फेब्रुवारी १९९५ पासून, लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व चिन्हांचे कायमचे नाहीसे होणे. छातीतील ठोका हे जीवनाचे चिन्ह आहे की नाही? एक कायदा सांगतो, अवयव द्यावयाचे असतील तर नाही. दुसरा मूग गिळून बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचारत्यागाचा हक्क मान्य केला, २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली, परंतु ती पद्धत वैद्यकीय मंडळांच्या पायऱ्यांनी जाते. आणि खटल्याला भिणारे रुग्णालय त्या पायऱ्या चढण्यापेक्षा हृदय थांबण्याची वाट पाहणे पत्करते. वाट पाहण्याचे पैसे त्याला मिळतातच.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. मेंदूच्या मृत्यूची कल्पना मुळात श्वासयंत्राबरोबर जन्माला आली. १९५९ साली दोन फ्रेंच डॉक्टरांनी, मोलारे आणि गूलोन यांनी, यंत्रावरील अशा रुग्णांचे प्रथम वर्णन केले. डिसेंबर १९६७ मध्ये बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत हृदयाचे रोपण केले; फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी मुंबईत, त्याच केईएममध्ये, भारतातील पहिले रोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. पण नगरपालिकेच्या रुग्णालयात, गरिबांच्या रुग्णालयात, जगातील अगदी पहिल्या काही हृदयरोपणांपैकी एक झाले, ही गोष्ट आज खासगी रुग्णालयांच्या जाहिराती वाचणाऱ्या पिढीला सांगितली पाहिजे. त्याच वर्षी हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष सांगितले आणि त्याची जी कारणे दिली त्यांत खाटा मोकळ्या होणे आणि अवयव मिळणे ही होती. तेव्हापासून टीकाकार म्हणत आले आहेत की ही व्याख्या गरजेपोटी केली गेली. मला ती टीका अर्धीच पटते. व्याख्या गरजेपोटी झाली म्हणून खोटी ठरत नाही. मेलेला मस्तिष्क-स्तंभ मेलेलाच असतो. पण गरज ज्यांनी निर्माण केली त्यांच्या सोयीने ती वापरली जाते, आणि ज्या दिवशी सोय नसेल त्या दिवशी बाजूला ठेवली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या ग्रामीण रुग्णालयात श्वासयंत्र नाही तेथे मेंदूचा मृत्यू होतच नाही. तेथे श्वास थांबतो, काही मिनिटांत हृदय थांबते, आणि माणूस जुन्या पद्धतीने मरतो. मंगळवेढ्याच्या किंवा सांगोल्याच्या रस्त्यावर डोक्याला तोच मार बसलेला मजूर आणि मोठ्या शहरात पोहोचलेला मजूर, दोघांच्या मेंदूची इजा एक असली तरी मृत्यूचा प्रकार वेगळा. मृत्यूच्या व्याख्येचा प्रश्न पडण्यासाठी सुद्धा आधी एक यंत्र, एक खाट आणि ठेव भरण्याची ऐपत लागते. मेंदूतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले. सोलापुरात निदान शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या जिल्ह्यांत तेही नाही तेथील माणसांच्या जाणिवेची चौकशी कोणत्या यंत्राने व्हावयाची?

आणि अवयव जातात कोठे? रोपणाचा परवाना असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवावे लागते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राखाली येतो. राज्याच्या जनआरोग्य योजनेतून मूत्रपिंडाच्या रोपणाला मदत मिळते हे खरे, पण नंतर जन्मभर घ्यावयाच्या औषधांचा खर्च यंत्रमागावर बसणाऱ्याला पेलतो का, हा विचार करूनच अनेक जण नाव नोंदवीत नाहीत. २०२३ साली साऱ्या देशात मृत दाते १,०९९ होते, रोपणे १८,३७८. बाकी सारे अवयव जिवंत माणसांनी दिले. त्या जिवंत दात्यांत बायका अधिक, आणि घेणाऱ्यांत? १९९५ ते २०२१ या काळात झालेल्या ३६,६४० रोपणांपैकी स्त्रियांच्या वाट्याला आली ६,९४५. मृताच्या अवयवदानाला विरोध करणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो: मेलेल्याने दिले नाही तर जिवंत बायकोने द्यावे लागते. म्हणून अवयवदानाच्या बाजूने मी पूर्वीही होतो, आजही आहे. माझे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरीकडून साक्षांकित केले आहे, आणि मस्तिष्क-स्तंभ गेल्यावर माझे जे उपयोगी पडेल ते काढून घ्यावे असे त्यात लिहिले आहे. मुलांना ते वाचून दाखविले तेव्हा धाकट्याने विषय बदलला.

मुंबई उच्च न्यायालयातील एका निकालाची येथे आठवण होते. डोक्याला अपघातात मार लागून मनोविकार जडलेला मुंबईचा एक पोलीस शिपाई. बायकोला भाजीच्या दुकानाची परवानगी मिळेना म्हणून पालिकेच्या कार्यालयाबाहेर त्याने अंगावर रॉकेल ओतले. त्याला पकडून आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लावला गेला. १९८६ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने दंडसंहितेचे ३०९ वे कलमच घटनाबाह्य ठरविले. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा वैध ठरविले, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार घालविली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते त्या स्वरूपात राहिले नाही. पण 'एखादा लोकसेवक वाकावा म्हणून' केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र नव्या संहितेत गुन्हा म्हणून ठेवलेला आहे. त्या शिपायाची कृती आज कोणत्या रकान्यात पडली असती, हे वाचकांनीच पाहावे. जखमी मेंदू, त्यातून आलेली जाणीव, आणि भाजीच्या गाड्याचा परवाना या तीन गोष्टी वेगवेगळ्या करता येत नाहीत. न्यायमूर्ती सावंतांना ते दिसले.

आपल्या चळवळीत 'जाणीव' हा शब्द फार वापरला जातो. वर्गजाणीव, सामाजिक जाणीव. भौतिक परिस्थितीतून जाणीव घडते हे आपले मूळ सूत्र. पण भौतिक परिस्थिती म्हटले की आपल्याला गिरणी, शेत, पगार दिसतो. कवटीच्या आतील दीड किलो भौतिक वस्तू, जी शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असून शरीराला मिळणाऱ्या प्राणवायूपैकी वीस टक्के खाते, ती आपल्या अभ्यासवर्गात कधी येत नाही. ती आणली पाहिजे. शिरस्त्राणाच्या सक्तीला 'सामान्यांची छळवणूक' म्हणून सोलापुरात मोर्चे निघाले तर त्यात आपलेही लोक असतात. त्या मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

मागणी करावयाची तर ती नेमकी करावी. मस्तिष्क-स्तंभाचा मृत्यू सिद्ध झाला की तो सर्व प्रयोजनांसाठी मृत्यू मानावा, अवयवदान होवो वा न होवो. प्रमाणित करण्याचा क्षण आणि दानाविषयी विचारण्याचा क्षण यांत अंतर असावे, आणि त्या अंतरात कोणीही बिलाचा शब्द काढू नये. प्रमाणपत्रावर सही झाल्यानंतरच्या यंत्राचे भाडे कुटुंबाकडून घेऊ नये. आणि दीर्घकाळ अबोध अवस्थेत असलेल्या रुग्णांसाठी, ज्यांची अरुणाप्रमाणे कूस बदलणारे कोणी नाही, जिल्हा पातळीवर सार्वजनिक शुश्रूषागृह असावे. आज ते काम घराघरांतील बायका बिनपगारी करतात आणि राष्ट्रीय उत्पन्नात त्याची नोंद होत नाही. शेवटची मागणी खर्चाची आहे हे मला कळते. पर्याय काय, हेही कळते.

मुलाचे हृदय दोन दिवसांनी थांबले. मृत्यूच्या दाखल्यावर ती तारीख पडली. बिल पाच दिवसांचे झाले. बापाने मालकाकडून उचल घेतली आणि आईच्या अंगावरचे होते ते गहाण पडले. मागील आठवड्यात ते पुन्हा आले. या वेळी दिवसा. डॉक्टरांनीच मेला म्हणून सही केली त्यानंतरच्या दोन दिवसांचे पैसे परत मागता येतील का, असे कोणीतरी त्यांना सुचविले होते. मी अर्ज लिहून दिला. रुग्णाचे नाव, वय, दाखल झाल्याचा दिनांक लिहिला. मृत्यूचा दिनांक लिहावयाचा आला तेव्हा मी थांबलो. त्यांनी खिशातून दाखला काढून पुढे केला. मी त्यावरची तारीख लिहिली, आणि तिच्या आधी, स्वल्पविराम देऊन, दुसरी.